वहिवाटीचा हक्क

पौडच्या कचेरीत उभा जन्म जमिनींचे फेरफार लिहिण्यात घालवून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेल्या मनुष्याने उतारवयात कबड्डीपटूंचे फेरफार लिहीत बसावे, यात नवल काही नाही. हाताला जडलेली सवय निवृत्तीच्या दिवशी दप्तराबरोबर सरकारजमा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मारुंजीच्या आमच्या तात्यांजवळ लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, आणि तिच्यात 'इसमाचे नाव, देणार, घेणार, रक्कम, शेरा' असे पाच रकाने पाडून पुणेरी पलटणीत कोण आला, कोण गेला याची नोंद त्यांनी अशा काटेकोरपणे ठेवली आहे की एखाद्या मामलेदारानेही ती तपासून खाली निमूटपणे सही ठोकावी. रकमा अक्षरी लिहिलेल्या, खाडाखोड कोठे नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुधा एकच वाक्य: 'आपला होता.'

हे वाक्य लिहिण्याचा प्रसंग यंदा पुन्हा आला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला आणि पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी हरणे हे दुःखच; परंतु तात्यांना बोचले ते निराळेच. दिल्लीच्या कोपऱ्यात जो इराणी पकडपटू पाय रोवून उभा होता, तो फाजल अत्राचली २०२२ साली एक कोटी अडतीस लाखांना पुण्याने घेतलेला, पलटणीचे कर्णधारपद केलेला, आणि त्या वर्षी मुंबईच्या अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हार पत्करताना आपल्याच बाजूला असलेला! ज्याच्या पराभवाबद्दल आपण हळहळलो त्याच्याच विजयाने आपण पराभूत व्हावे, हा दैवाचा खेळ की लिलावाचा, हा प्रश्न घेऊनच तात्या त्या दिवशी ओटीवर बसले होते.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मेलबर्नहून दिवाळीसाठी आलेला त्यांचा भाचा समोर बसून चहा फुंकीत होता. अंगणात नुकत्याच झोडलेल्या इंद्रायणीचा पेंढा पडला होता आणि कुंपणापलीकडे, जेथे एके काळी गावच्या मंडळाचे मातीचे मैदान होते, तेथे हिंजवडीच्या संगणक-नगरीत राबणाऱ्या लोकांसाठी बांधलेली बारा-चौदा मजल्यांची वास्तू उन्हात चकाकत होती. भाचा गेली अनेक वर्षे मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहतो, आणि तिकडच्या चालीप्रमाणे त्यालाही एक संघ जडला आहे: फुटस्क्रेचा जुना संघ, ज्याचे नाव आता वेस्टर्न बुलडॉग्ज आहे. तिकडची फुटबॉल, जिला ते लाडाने 'फूटी' म्हणतात, सप्टेंबरअखेर संपते. आपली कबड्डी यंदा ऑक्टोबरअखेर संपली. त्यामुळे मामा आणि भाचा दोघेही, ज्याला हंगामाबाहेरचा काळ म्हणावे अशा एका उदास व रिकाम्या अवकाशात एकाच वेळी सापडले होते. आणि खेळ बंद असला म्हणजे खेळाविषयी बोलण्यास जी धार येते, ती त्या ओटीवर आली होती.

"हा सगळा इजारा आहे," तात्या म्हणाले. "संघाचे नाव पुणेरी, पण पुण्याचे त्यात काय आहे? मालक कंपनी. गडी कराराचे. मुदत संपली की लिलावात उभे. आम्ही कचेरीत लिलाव करीत होतो तो थकबाकीदाराच्या जप्त मालाचा. माणसाचा लिलाव करून वर टाळ्या वाजवायच्या ही रीत मला या वयात शिकावी लागली."

भाच्याने कप खाली ठेवला. "मामा, लिलाव हा शब्द कानाला टोचतो हे मला मान्य. पण २०१४ साली पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती बारा लाख ऐंशी हजारांची. नऊ वर्षांनी पुण्याने शादलुईला दोन कोटी पस्तीस लाख मोजले. तुमच्या वेळी चांगल्या चढाईपटूला काय मिळत होते?"

"नोकरी मिळत होती," तात्या ताठ होऊन म्हणाले. "महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, पोर्ट ट्रस्ट. मैदानात घोटा धरणारा गडी दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेबलाशी बसलेला दिसे. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला, आणि पुढे निवृत्तिवेतन. शिवाय तो गडी त्या आस्थापनेचा म्हणून जन्मभर ओळखला जाई."

"आणि ज्याला नोकरी मिळाली नाही तो?"

या प्रश्नावर तात्या थोडा वेळ बोलले नाहीत. गावच्या मंडळात त्यांच्याबरोबर खेळणारे, उजव्या कोपऱ्यावर ज्यांची ख्याती तालुकाभर होती असे एक गृहस्थ पुढे हयातभर दुसऱ्याच्या शेतावर राबले, ही गोष्ट मला ठाऊक होती आणि तात्यांना ती माझ्याहून अधिक ठाऊक होती. एखाद्या पिढीने आपल्या दारिद्र्यालाच निष्ठेचे नाव दिले असेल, तर पुढच्या पिढीने त्या निष्ठेची किंमत विचारणे उद्धटपणाचे ठरत नाही, असे मला वाटते. मात्र ओटीवर मी ते बोललो नाही.

"बरे, पैशाचे सोडून दे," तात्या म्हणाले. "टिकण्याचे बोल. या पुण्यात किती संघ आले आणि किती गेले, मोज. हे इथून जवळ गहुंजे. त्या मैदानावर २०१२ पासून पुणे वॉरियर्स खेळले. २०१३ नंतर नाव उरले नाही. मग २०१६ साली दोन वर्षांच्या मक्त्याने सुपरजायंट आले. पहिला हंगाम संपला, दुसरा लागायचा होता, आणि एका सकाळी बातमी: धोनीकडून कर्णधारपद काढले, ते स्मिथकडे दिले! पुढे अंतिम सामना एका धावेने गमावला, मुदत संपली, खाते बंद. आणि बालेवाडीत फुटबॉलचा संघ होता, एफसी पुणे सिटी. नारिंगी सदरे घालून पोरे ढोल बडवायची. २०१९ चा हंगाम संपला, पुढच्याची वाट पाहत पोरे बसली, तर संघच राहिला नाही; त्याची जागा हैदराबादला गेली. आणि तिकडे त्यांनी तीन वर्षांच्या आत स्पर्धाही जिंकली."

"२०२२ साली, गोव्यात," भाच्याने पुस्ती जोडली.

"कबड्डीत जुने तीन प्रकार होते. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा बाद झाला की पुन्हा जिवंत होतो. अमर प्रकारात कोणी बाहेरच जात नाही. आणि गनिमीत जो एकदा बाद झाला तो गेला. पुण्याचे संघ सगळे गनिमी खेळले. ही एक पलटण तेवढी २०१४ पासून टिकून आहे, आणि ती कधी उठेल याचा नियम नाही. बातम्या हंगामात येत नाहीत, लक्षात ठेव. हंगामात फक्त गुण येतात. घात होतो तो रिकाम्या महिन्यांत."

यात तथ्य होते. सामना चालू असता प्रेक्षकाला मालकाची आठवणही होत नाही. तीस सेकंदांची चढाई, मध्यरेषेकडे लोटणारा देह, साखळी करून पुढे सरकणारे रक्षक, एवढेच काय ते जग असते. परंतु दिवे मालवल्यावर जेव्हा वृत्तपत्रातील चार ओळी सांगतात की अमुक राखला, तमुक सोडला, प्रशिक्षक बदलला, तेव्हा 'आमचा संघ' या शब्दातील 'आमचा' हे सर्वनाम कोणत्या दस्तऐवजावर उभे आहे, असा संशय प्रथमच मनाला शिवतो.

भाचा याच संधीची वाट पाहत असावा. "म्हणूनच सांगतो, आमच्याकडचे पाहा. फुटस्क्रेची वस्ती कामकऱ्यांची, संघ गरीब. १९८९ साली, हंगाम संपल्यावरच हं, वरून हुकूम निघाला की हा संघ फिट्झरॉयच्या संघात विलीन करावा. लोकांना विचारले नाही. तेव्हा एका साध्या चाहतीने न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मिळवला."

तात्या पुढे सरकले. "मनाई हुकूम? चाहतीने?"

"हो. न्यायालयाने तीन आठवड्यांची मुदत दिली. मग लोक डबे घेऊन दारोदार फिरले, रस्त्यात उभे राहिले, आणि कर्ज फेडण्यापुरता पैसा उभा केला. विलीनीकरण रद्द झाले. तोच संघ २०१६ साली, बासष्ट वर्षांनंतर, पुन्हा विजेता झाला. मी आज त्या संघाचा सभासद आहे. वर्षाची वर्गणी भरतो, संचालक निवडताना मला मत असते. तुमच्या पलटणीत तुम्हाला मत आहे?"

"आणि ते दुसरे? फिट्झरॉयवाले?"

भाचा किंचित ओशाळला. "ते १९९६ साली दूर ब्रिस्बेनच्या संघात गेले. त्याआधी १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा संघ सिडनीला नेला होता."

"म्हणजे एकाचे घर वाचले आणि शेजाऱ्याचे पडले," तात्या म्हणाले. "सभासद त्यांचेही असतीलच की."

"होतेच. पण मामा, फिट्झरॉय तुमच्या गनिमीतले नव्हे. २००९ पासून त्याच नावाने हौशी संघटनेत ते पुन्हा खेळतात."

"संजीवनी," तात्या स्वतःशी पुटपुटले, आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी टिपून घेतले.

येथे त्या खेळाचे स्वरूप विचारण्याचा मोह मला आवरला नाही, आणि भाच्याने ते मोठ्या हौसेने सांगितले. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर एका बाजूस अठरा असे छत्तीस गडी. दोन्ही टोकांस चार-चार खांब. चेंडू लांबट, तो लाथेने मारावा किंवा मुठीने टोलवावा, पण फेकू नये. मधल्या दोन खांबांतून लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. याचे नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले. आपल्या हुतूतूच्या नियमांना निश्चित रूप देण्याचा खटाटोप पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आरंभला, हे लक्षात घेता त्यांची नियमावली आपल्याहून साठ वर्षांनी वडील ठरते. तात्यांना मात्र त्या एका गुणाचे कौतुक वाटले. नेम चुकला तरी गुण देणारी व्यवस्था त्यांनी कोणत्याही खात्यात पाहिली नव्हती.

"आता मला सांग," ते एकाएकी उलटतपासणीच्या सुरात म्हणाले, "मतदार सभासद तुम्ही, मग तुमचे गडी तरी जागेवर राहतात ना? तू गेल्या वर्षी फोनवर रडत होतास तो कोण?"

"रडत नव्हतो," भाचा म्हणाला. पण ते खरे नसावे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडे खेळाडूंच्या अदलाबदलीचा जो ठराविक काळ असतो त्यात, बेली स्मिथ नावाचा त्यांचा लांब केसांचा, दमदार गडी जीलाँगला गेला. गुडघ्याच्या दुखापतीने तो वर्षभर बसून होता. संघाने त्याची वाट पाहिली, आणि बरा झाल्यावर तो दुसऱ्याच्या अंगणात खेळायला गेला. त्याच महिन्यात जॅक मॅक्रे आणि केलेब डॅनियल हे २०१६ च्या विजयातील दोघेही बाहेर पडले. "तिघे एका महिन्यात," भाचा म्हणाला, "आणि सकाळी ट्राममध्ये चढलो तर अख्ख्या डब्यात सुतक."

"मत दिले होतेस का याविरुद्ध?"

"त्यावर मत नसते, मामा. मत संचालकांपुरते. आणि खरे सांगायचे तर तेही मी एकदाच दिले आहे. मूळची भरतीही आमच्याकडे पाळीने होते. अठरा वर्षांचा मुलगा, आदल्या हंगामात तळाला राहिलेला संघ पहिली निवड करणार, आणि मुलाने बोलावतील त्या शहरात जायचे. १९८६ पासून ही पद्धत आहे. आठ वर्षे एका संघात काढली की मग थोडी मोकळीक."

"म्हणजे आमच्याकडे लिलाव आणि तुमच्याकडे वेठ!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांच्या चर्येवर विजयाची जी छटा उमटली ती पलटणीच्या हैदराबादच्या विजयानंतर, म्हणजे १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले जेतेपद मिळवले त्या रात्रीनंतर, मी प्रथमच पाहिली.

त्या जेतेपदाचा उल्लेख निघताच वही उघडली गेली, आणि मोहम्मदरेझा शादलुईचे पान आपसूक पुढे आले. नोंदी अशा होत्या: ऑक्टोबर २०२३, घेणार पुणे, दोन कोटी पस्तीस लक्ष. ऑगस्ट २०२४, घेणार हरियाणा, दोन कोटी सात लक्ष. मे २०२५, घेणार गुजरात, दोन कोटी तेवीस लक्ष. तीन हंगामांत तीन खातेदार. पहिल्या हंगामात पुणे विजेते. दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या त्या क्रीडानगरीत झाला, आणि तेथे पाटण्याला ३२-२३ असे हरवून हरियाणाने करंडक उचलला. करंडकाभोवती नाचणाऱ्यांत शादलुई होता. पुण्याने सोडलेल्या गड्याने पुण्याच्या मैदानावर दुसऱ्याचे निशाण फडकवले! त्या हंगामात पलटण बाद फेरीतही नव्हती.

"तुम्ही त्या सामन्याला गेला होतात," भाचा हळूच म्हणाला. "आपला संघ नसताना, थंडीत, रात्रीचे, गुडघे दुखत असताना. आणि आदल्याच दिवशी मी मेलबर्नला कबड्डी बघत होतो. निवृत्त झालेले फूटीचे खेळाडू एका बाजूला, जॉश केनेडी त्यांचा म्होरक्या. समोर अनुप कुमार, अजय ठाकूर. ते धिप्पाड गडी चढाईला येत आणि दम धरायचेच विसरत! मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, उद्या बालेवाडीला जायचे आहे, झोपू दे."

"मग?"

"मग शादलुईने पकड केली तेव्हा तुम्ही टाळी वाजवलीत की नाही?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. साक्षीदार मीच होतो. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. टाळी त्यांनी वाजवली होती, आणि लगेच हात मांडीखाली घातले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"पकड चांगली होती," ते म्हणाले.

"मग संघ कोणाचा, हा प्रश्न कशाला? तुमच्याकडे ना भाग, ना मत, ना पावती. फक्त जाऊन बसता. कोणत्या अधिकाराने 'आपला होता' असे लिहिता?"

आता तात्या चिडणार, अशी माझी अटकळ होती. उलट त्यांनी वही मिटली, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, आणि कचेरीत एखाद्या अडाणी कुळाला समजावून सांगावे तशा संथ स्वरात बोलू लागले.

"वहिवाट म्हणजे काय, तुला ठाऊक आहे? ते पलीकडचे इमारतीचे आवार बघ. तेथे आमचे मैदान होते, पण जमीन मंडळाची नव्हती. सातबाऱ्यावर मंडळाचे नाव कधीच लागले नाही. मालक दुसरा; त्याचे पीक निघाले की आम्ही रेघा मारायच्या. तिच्या कडेने ओढ्याकडे जाणारी पायवाट होती, तीही कोणाच्या नावावर नव्हती. पण माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, म्हणून ती वाट. ती कोणी काटे टाकून अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, वाट मोकळी व्हायची. जमीन मालकाचीच राहते. चालण्याचा हक्क तेवढा तुमचा. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि चालणे सोडलेत तर तोही जातो. पलटणीवर माझा हक्क हा एवढाच. मी चालत आलो."

"मग मालकाने जमीन विकली तर तक्रार कसली?"

"विक्रीची तक्रार नाही रे. सगळी मारुंजी माझ्या डोळ्यांदेखत विकली गेली; निम्म्या फेरफारांवर अक्षर माझेच आहे. तक्रार एवढीच, की मालक वाट मोडतो आणि चालणाऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळते."

भाच्याने बोटांवर काही मोजले. "तुमच्या त्या कायद्यात मुदत किती?"

"वाट अडवल्यापासून सहा महिने."

"जेतेपद मार्चमध्ये, लिलाव ऑगस्टच्या मध्यावर. साडेपाच महिने. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर ते मेअखेर, पाच महिने. मग मामा, तुमचे दोन्ही दावे मुदतीत बसत होते! अर्ज का नाही केलात?"

तात्या इतके मोकळेपणाने हसले की आतून मामी दारात येऊन पाहून गेल्या. त्यानंतर बराच वेळ बोलणे कर्णधार अस्लम इनामदारावर रेंगाळले. नगर जिल्ह्यातला हा पोरगा कोवळ्या वयात पलटणीत आला, तिथेच वाढला, मागच्या वर्षी गुडघा दुखावून बसला आणि यंदा परत येऊन संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तात्यांच्या मते त्याचे आडनावच सनद आहे, लिलावाने ते खालसा होणार नाही. अजय ठाकूर प्रशिक्षक म्हणून आला हे त्यांना पसंत होते. गावच्या वर्गणीत अख्खे मंडळ चालवलेल्या माणसाला पाच कोटींच्या मर्यादेत संघ बसवण्याची कसरत पाहून मालकांची थोडी कीवही येत होती. पुढच्या लिलावात कोणाला राखावे, याची एक यादी त्यांनी आधीच तयार केली होती, हे त्यांच्या 'हा सगळा इजारा आहे' या सिद्धान्ताशी कसे जुळते, ते आम्हां दोघांपैकी कोणी विचारले नाही.

ऊन पेंढ्यावरून सरकून कुंपणाशी गेले. भाचा उठायच्या बेतात होता, तोच तात्यांनी वहीचे एक कोरे पान काढले, पट्टीने पाच रकाने पाडले, आणि 'इसमाचे नाव' याखाली वळणदार अक्षरात 'बेली स्मिथ' असे लिहिले. देणार, फुटस्क्रे. घेणार, जीलाँग. शेऱ्याच्या रकान्याशी लेखणी थबकली, आणि त्यांनी मान वर केली.

"आपला होता ना?"

"हो, मामा."

त्यांनी ते लिहिले. मग पानाच्या माथ्यावर जाऊन, चष्म्यावरून भाच्याकडे पाहत, अत्यंत गंभीरपणे विचारले, "फुटस्क्रे. तालुका कोणता लिहू?"